स्कूल नर्सचा जॉब घ्यावा का? नाइटला कंटाळले

आयसीयूवाली_नाशिक:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, 4 वर्षं आयसीयूत काढली. मुलगी 3 वर्षांची, नाइट करून घरी आलं की ती उठलेली असते आणि मी झोपेत चालत असते. एका शाळेत नर्सची जागा आहे, पगार कमी पण 8 ते 3. मैत्रीण म्हणते तिथे नुसतं बँडेज लावत बसशील, हातचं काम विसरशील. कुणी केलंय का?

सिकरूम_सिस्टर:
6 वर्षं करतेय. बँडेज तर आहेच पण आयसीयूत हाक मारली की डॉक्टर येतो, इथे तूच. माझ्याकडे टाइप वन डायबेटिसचा एक सातवीतला मुलगा आहे, पीटीच्या तासानंतर गप्प झाला, घाम, हात थरथरतायत, सर म्हणाले ऊन लागलं असेल. शुगर बघितली तर 54, म्हणजे खूपच कमी, लगेच ग्लुकोजचं पाणी पाजलं, 15 मिनिटांनी परत बघितली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाकी गणिताच्या टेस्टला पोटात दुखणारे रोज 5-6 येतात 😄 पण सगळेच नाटकी नसतात हां, त्यातलं खरं कोणतं ते ओळखणं हीच खरी नोकरी. जॉइन व्हायच्या आधी काम लेखी घे. माझ्या आधीच्या शाळेत अ‍ॅडमिशनचे फॉर्म आणि बसची ड्युटी पण माझ्याच गळ्यात मारली होती. आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय साधी पॅरासिटामॉल पण देऊ नकोस.

निळी_गोळी:
सरकारीत बघायचं तर नवोदय नि एकलव्य या निवासी शाळांमध्ये स्टाफ नर्सची पोस्ट असते. नवोदयला पगाराची लेव्हल 7 म्हणजे बेसिक 44,900, एकलव्यला लेव्हल 5, 29,200. पण ताई नुसत्या जीएनएमवर नाही चालत, बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी लागतं आणि त्यानंतरचा अडीच वर्षांचा अनुभव, तोही किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलमधला. शिवाय निवासी म्हणजे कॅम्पसमध्येच राहायचं, रात्री 2 ला हॉस्टेलमधून ताप घेऊन पोरगी दारात उभी, म्हणजे नाइट काही सुटत नाही. मी आरबीएसके म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेच्या टीममध्ये आहे, कंत्राटी, शाळेत वर्षातून एकदा नि अंगणवाडीत दोनदा तपासणी. गाडीत हाडं खिळखिळी होतात पण संध्याकाळी घरी. एका पोरीला फळ्यावरचं दिसत नव्हतं, सगळे तिला ढ म्हणायचे, चष्मा लागला नि विषय संपला.

आयसीयूवाली_नाशिक:
बसची ड्युटी वाचून हसले आणि घाबरले पण. शाळेला उद्याच फोन करून विचारते, काम लेखी देणार का. आज रात्री ड्युटी आहेच.