रक्तदाब नॉर्मल आल्यावर गोळी बंद करावी का?

प्रश्न:
माझी आई ५८ वर्षांची असून ती सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहते. तिशीपुढील सर्वांच्या तपासणीसाठी आशाताईंनी घरी येऊन फॉर्म भरला, तेव्हा उपकेंद्रात तिचा रक्तदाब १५२/९४ निघाला. आठवड्याने पुन्हा मोजल्यावरही तो तेवढाच राहिल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. महिन्याभराने १२८/८० आल्यावर, ‘मला कुठं काय होतंय, उगाच सवय नको’, असे म्हणून तिने ती बंद केली. आता काय करावे?

उत्तर १ (समुदाय आरोग्य अधिकारी):
१२८/८० हे आकडे गोळीमुळे आलेले आहेत. गोळी थांबवल्यावर काही दिवसांत तिचा परिणाम ओसरतो आणि रक्तदाब बहुधा पूर्वपदावर जातो. त्रास मात्र जाणवत नाही, आणि आमच्याकडे गोळी सोडणाऱ्यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आईंना पुन्हा केंद्रात न्या. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसू द्या, पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. आई मिश्री लावतात का?

उत्तर २:
मलाही हीच गोळी होती. संध्याकाळी घोटे सुजायचे, मोज्याचा वळ उमटायचा, म्हणून मी कोणाला न विचारता ती सोडली होती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी टेल्मिसार्टन दिली आणि सूज गेली. आईंनाही असे काही होत असेल, तर त्या सांगणार नाहीत, आपणच विचारावे.

प्रश्नकर्ता:
सूज नाही. मिश्री मात्र दिवसातून तीनदा लावते आणि आशाताईंना तिने ‘तंबाखू नाही’ असे सांगितले होते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणे.

उत्तर १:
मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते, आणि तिने रक्तदाब काही काळ वाढतो. फॉर्ममध्ये ही दुरुस्ती करून घ्या, कारण त्यातील गुणांवरून कोणाला आधी बोलवायचे ते ठरते. त्याच भेटीत तोंडाची तपासणीही करून घ्या. हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास, किंवा तोंड पुरते उघडत नसल्यास, आम्ही पुढे पाठवतो. ग्लुकोमीटरवर साखर १४० किंवा त्याहून अधिक आली, तर उपाशीपोटी पुन्हा तपासावी लागेल.

प्रश्नकर्ता:
गुरुवारी नेतो. गोळीला ती कशीबशी तयार झाली आहे. मिश्रीच्या डबीचे नाव काढले की अजून चिडते.