पिच बेंडने मींड काढली की सायरन वाजतो

बेसूर_बंडू:
रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोय. सॅम्पलवाली (खऱ्या बासरीच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांची) बासरी, सा पांढरी एक. गंधारावरून पंचमावर मींड, म्हणजे न तुटता सरकत जाणारा सूर, हवी आहे. पिच बेंडच्या (सूर वर-खाली वाकवणाऱ्या कंट्रोलच्या) लेनमध्ये दोन पॉइंट टाकून मध्ये सरळ रेघ ओढली, तर अँब्युलन्स गेल्यासारखं वाजतं. त्यातून पंचम लागतच नाही, तीव्र मध्यमावर येऊन अडकतं. आणि पुढच्या नोटआधी बेंड शून्यावर आणला की मागच्या नोटची शेपटी घसरताना ऐकू येते. दिग्दर्शक म्हणतो, ‘खरा बासरीवाला बोलव.’ बजेट मात्र चहापुरतंच आहे.

पेटीमास्तर:
तीव्र मध्यमावर अडकतंय, यातच अर्धं उत्तर आलं. गंधारापासून दोन सेमिटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) वर तीव्र मध्यम, आणि बेंडची रेंज बहुतेक वाद्यांत मुळात तेवढीच असते. ती १२ करा. वाद्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊनच करा. मिडीतून, म्हणजे वाद्याला नोटा पाठवणाऱ्या भाषेतून, आरपीएन नावाची सेटिंगची आज्ञा पाठवूनही बदलता येते म्हणतात, पण बरीच सॅम्पल वाद्यं त्याला भीक घालत नाहीत. रेंज १२ झाली की बेंडचा पूर्ण आकडा ८१९२ म्हणजे एक सप्तक, तुमच्या तीन सेमिटोनना २०४८.

आता नोट गंधाराची लिहूच नका. पंचमाची लिहा, बेंड −२०४८ वर ठेवून सुरुवात करा आणि शून्यावर आणा. मींड संपते तिथे बेंड शून्यावरच असतो, मागाहून परत आणायची भानगड नाही. −२०४८ चा पॉइंट मात्र नोटच्या किंचित आधी टाका, नाहीतर सुरुवातीलाच पंचमाचा टवका उडतो.

सायरनचं कारण ती सरळ रेघ. तिच्यात सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने चढतो. कुठला गवई असं करतो? तो गंधारावर रेंगाळतो, मध्यमाला ओझरतं शिवतो आणि पंचमात शिरताना पुन्हा सावकाश होतो. पॉइंट निवडून राइट क्लिक करा आणि आकार ‘स्लो स्टार्ट/एंड’ ठेवा. बरंचसं काम तिथेच होतं. मी पुढे जाऊन शुद्ध मध्यमावर, म्हणजे −१३६५ ला, एक जादा पॉइंट टाकतो, दोन्हीकडचे तुकडे बेझिए (हाताने वाकवता येणारी वक्र रेघ) करतो आणि मध्यमापाशी रेघ जरा सपाट करतो. ग्रिडचं स्नॅप बंद ठेवून. लेन वाकडीतिकडी दिसते, दिसू दे. डोळ्यांनी कर्व्ह काढणाऱ्यांची मींड मला लांबूनही ओळखू येते.

फुंकर:
पेटीमास्तरांना दुजोरा. फक्त बासरीत सुराबरोबर फुंकही बदलते, ती सीसी ११ या मिडी कंट्रोलवर, म्हणजे एक्स्प्रेशनवर (सुराच्या चढ-उतारावर) काढा. मधे थोडी उतरती, पंचमावर पुन्हा भरलेली. सीसी ७ ला, म्हणजे व्हॉल्यूमला, हात लावू नका, तो मिक्सच्या वेळी लागतो.

बेसूर_बंडू:
फरक जमीन-अस्मानाचा! पण आता गंधाराआधीच्या षड्जाची शेपटी खाली घसरते, −२०४८ वर उडी मारली की.

पेटीमास्तर:
घसरणारच. मिडीत बेंड एकेका नोटला नसतो, अख्ख्या चॅनलला असतो. तीच बासरी दुसऱ्या ट्रॅकवर घ्या आणि मींडेच्या नोटा तिकडे लिहा. षड्ज पहिल्या ट्रॅकवर निवांत विरेल. रिव्हर्ब दोन्हींना एकच द्या, म्हणजे दोन बासऱ्या वाटणार नाहीत.

रेंज १२ केली म्हणून सप्तकभर ओढत मात्र सुटू नका. सॅम्पलमध्ये कंप आधीच रेकॉर्ड झालेला असेल तर सुराबरोबर त्याचाही वेग बदलतो आणि सप्तक वर गेलात तर दुप्पट होतो. तीन-चार सेमिटोनपर्यंत खपून जातं. क्लिप टाकाल तेव्हा बेंडच्या लेनचा स्क्रीनशॉटही टाका.