शब्दचर्चा: 'ग्राइंड'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'फ्री टू प्ले' म्हणजे मोफत की फुकट?

मी गेम्सवर मराठीत एक मोठा लेख लिहितेय आणि 'ग्राइंड' या एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. खेळणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: तोच राक्षस पुन्हा पुन्हा मारायचा, तेच झाड पुन्हा पुन्हा तोडायचं, दर वेळी चिमूटभर गुण मिळतात आणि ते साठवत साठवत वरच्या लेव्हलला जायचं. बोलताना आपण सरळ 'ग्राइंड करतोय' म्हणतो, ते चालतंच. पण लेखात 'घासणं' लिहिलं की भांडी आठवतात, 'कष्ट' फार जड होतं, आणि 'कंटाळवाणी पुनरावृत्ती' असं तर कुणी बोलतच नाही, शिवाय ते खोटंही आहे, नुसता कंटाळाच असता तर माणसं वर्षानुवर्षं एकच गेम खेळली असती का? सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १
'रगडणं' बघा. नाहीतर 'घाण्याला जुंपणं'. दिवसभर गोल गोल फिरायचं आणि पोचायचं कुठंच नाही, मला तरी या गेम्सचं हेच चित्र दिसतं.

प्रतिसाद २
घाण्याला नको, बैलाला कुणीतरी जुंपतं, इथं माणूस आपल्या पायांनी येतो. आणि शब्द आपल्याकडे तयार आहे की, 'दळण'! इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ दळणं हाच, आणि आपल्याकडेही 'तेच तेच दळण दळू नकोस' म्हणतातच, म्हणजे लक्षणेसकट जुळतंय. पण मला तो आवडतो तो वेगळ्या कारणानं. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला थोडं का होईना पीठ पडतंच, आणि ग्राइंडची सगळी गोडी त्यात आहे.

माझी नोकरी सुटली होती तेव्हा तीन महिने मी रूनस्केप खेळत होतो (२००१ चा गेम, आणि त्याचा बराच भाग पैसे न भरता खेळता येतो). मासेमारी करायचो. एक क्लिक करायचं, पात्र काठावर उभं राहतं, एकेक मासा पिशवीत पडतो, २८ खाने भरले की बँकेत जाऊन ओतायचे आणि परत काठावर. ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ व्या लेव्हलला ६५,१७,२५३, म्हणजे ९२ ला पोचलात की कुठं निम्मं झालं, तिथल्या जुन्या खेळाडूंना हे पाठ असतं. बाहेर चाळीस अर्ज टाकले तरी एकाचं उत्तर येत नव्हतं, आणि इथं एक मासा पकडला की पट्टी तेवढी पुढं सरकायचीच, न चुकता. त्या दिवसांत मला त्याचा खरंच आधार होता, म्हणून याला कुणी 'वेळ घालवणं' म्हटलं की मला राग येतो.

प्रतिसाद ३
मग 'रियाज' का नको? तोही रोज तेच तेच करणं आहे.

प्रतिसाद २
रियाजानं गळा तयार होतो. माझ्या ९९ लेव्हलनं हात तयार झाला तो त्या पात्राचा, मी होतो तिथंच. भांडणाच्या गेममध्ये तोच डाव शंभरदा गिरवता तो रियाज, तिथं तुम्ही स्वतः सुधारता. दळणात पीठ साठतं. दोन्ही चांगलं, पण वेगळं.

मूळ प्रश्नकर्ती
'दळण' पक्कं! पण आता खरी गाठ इथंच आहे, पीठ कुणाचं? 'फ्री टू प्ले'साठी मी आधी 'मोफत' लिहिलं होतं, ते खोडून 'फुकट' केलं, कारण मराठीत फुकट म्हणजे पैसे न देता आणि फुकट म्हणजे वायाही. 'फुकट मिळालं' आणि 'मेहनत फुकट गेली', एकच शब्द. मोफतला ही दुसरी बाजूच नाही. हे गेम या दोन अर्थांच्या मध्येच कुठंतरी उभे असतात असं मला वाटतं.

प्रतिसाद ४
फुकटला माझं मत. आणि 'डेली'ला, म्हणजे गेम रोज नेमून देतो त्या कामांना, 'रतीब' घ्या, रोज ठरल्या वेळी घालायचा तो. हे दळण रूनस्केपसारखं मोकळं नाहीये हो, इथं धान्य मोजून देतात. गेन्शिन इम्पॅक्ट या फुकट गेममधलं रेझिन घ्या, लढाईचं बक्षीस उचलायला ते खर्चावं लागतं, दर ८ मिनिटांनी एक भरतं आणि एका फेरीला २० जातात. वर मर्यादा बरीच वर्षं १६० होती, म्हणजे रिकामं भांडं २१ तास २० मिनिटांत काठोकाठ, दिवस उलटायच्या आत, मग सांडायला लागतं. म्हणून रोज यावंच लागायचं. २०२४ मध्ये मर्यादा २०० केली, तेव्हा कुठं भरायला २६ तास ४० मिनिटं लागायला लागली आणि एखादा दिवस जरा उशिरा आलं तरी चाललं. मी अलार्म लावून उठलेय रेझिनसाठी, पहाटे, डोळे चुरचुरत असताना, फक्त सांडू नये म्हणून. मिळालं काय, तर नको असलेला मुकुट, पाचव्यांदा. त्याला दळण कसं म्हणू, ती 'वेठ' आहे.

नुसत्या शब्दांनी माणूस किती फिरतो त्याचा एक नमुना. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) तयार होत होता तेव्हा फार वेळ खेळलं की गुण निम्मे मिळायचे, लोक वैतागले. मग आकडे तसेच ठेवून नावं बदलली, पूर्वीचे पूर्ण गुण आता 'विश्रांती घेतल्याबद्दल दुप्पट' आणि पूर्वीचे निम्मे ते 'नेहमीचे'. सगळे खूश. तेव्हा शब्द निवडताना जपून, गेम करणाऱ्यांनी ते आपल्या आधी निवडलेले असतात.

प्रतिसाद १
म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, मी म्हटलं होतंच.

प्रतिसाद २
अर्धं पटतंय. पण न दळताही गेम चालतात बरं का, कितीतरी मोबाइल गेममध्ये 'ऑटो'चं बटण असतं, पात्र आपलं आपलं लढतं आणि आपण नुसतं बघायचं. पुढं हेच वाढत जाईल असं मला वाटतं आणि ते मला पटत नाही. दळणातली हाताची लय काढून घेतली तर उरतो तो नुसता रतीब. चीनमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये रोज लॉगिन केल्याचं बक्षीस बंद करायचा मसुदा आला होता, कंपन्यांचे शेअर धाडकन पडले आणि जानेवारीत तो मसुदा संकेतस्थळावरून गेलासुद्धा. यांचा जीव कशात अडकलाय ते कळलं त्यातून.

प्रतिसाद ५
मी उशिरा आले चर्चेत. मी चार वर्षं एक फुकटचा गेम खेळले, नाव लिहीत नाही. एक दिवस उघडला तर पाटी, अमुक तारखेला सर्व्हर बंद. शेवटच्या रात्री आम्ही गटातले सहाजण नेहमीच्या पुलावर जमलो, कुणी काही लढलं नाही, नुसते उभे. एकानं सगळा साठवलेला माल जमिनीवर टाकला, चार वर्षांचा, त्याचा ढीग झाला, आणि मग स्क्रीन काळी. तेव्हा मला कळलं फुकटचा दुसरा अर्थ. 'द क्रू' नावाचा गेम मार्च २०२४ अखेर बंद झाला, तो तर लोकांनी पैसे मोजून घेतलेला, त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. विकत घेणाऱ्यांचं हे, तर फुकट खेळणाऱ्यांनी काय मागायचं? मी तरी मागते. माझे पैसे नसतील, रात्री माझ्याच होत्या. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात ना, आज जे गेम जोरात आहेत ते सगळे सुपात आहेत.

मूळ प्रश्नकर्ती
पुलाचं वाचून थोडा वेळ काही टाइपच करता येईना. लेखात हे घेऊ का, विचारून मगच घेईन.

तर तूर्तास असं: ग्राइंड म्हणजे दळण, डेली म्हणजे रतीब, रेझिनवालं ती वेठ, फ्री टू प्ले म्हणजे फुकट. आता 'पिटी' राहिलं. गेन्शिनमध्ये पात्रांच्या सोडतीत ८९ वेळा पंचतारांकित, म्हणजे सगळ्यांत वरच्या दर्जाचं, काही निघालं नाही की ९० व्यांदा नक्की देतात, त्याला ते पिटी म्हणतात. 'दया' लिहू की 'कीव'?