आपण विसरतो ते पाठांतर सोडलं म्हणून का?

माजघर:
माझी आई ८१ वर्षांची आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, हे तिला दुपारी सांगता येत नाही. चष्मा तर रोज हरवतो. पण परवा मंडईत साठ रुपये किलोची वांगी सव्वा किलो घेतली आणि भाजीवाल्याने मोबाईल काढायच्या आत ती "पंच्याहत्तर" म्हणून मोकळी झाली. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. शाळा चौथीतच सुटली, पाढे मात्र सुटले नाहीत. संध्याकाळी दिवा लावला की हरिपाठ म्हणते, तोही न अडखळता.

मी ५२ वर्षांची. मला नवऱ्याचा नंबर पाठ नाही. गेल्या महिन्यात रस्त्यात फोन बंद पडला, एका मुलीने तिचा पुढे केला आणि मी तो हातात धरून नुसती उभी राहिले. आठवत होता तो माहेरच्या लँडलाईनचा नंबर, जो कधीच बंद झालाय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपण विसरतो, कारण आठवून बघायचंच सोडलंय. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग मांडले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच पुन्हा पाठ करताना किती कष्ट वाचतात ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त फायदा उडून जायचा, दिवसाने एक तृतीयांश उरायचा, पण महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक असायचा. म्हणजे मोठी गळती सुरुवातीलाच. रोज सकाळी पाढे म्हणून घेण्यामागे शहाणपण होतं. शाळांनी पाठांतर परत आणावं.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मी अठरा वर्षं गणित शिकवतोय आणि पाठांतराचा मार खाल्लेला विद्यार्थीही आहे. आजही "सतरा पाचे" म्हटलं की उत्तराच्या आधी माझी मूठ आवळली जाते. छडी तिथे बसायची. पाढ्याबरोबर तीही पाठ झाली.

एबिंगहाउसचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यानेच कवितेची कडवीही पाठ करून पाहिली आणि निरर्थक अक्षरांच्या मानाने जेमतेम एक दशांश कष्ट पडले. अर्थ लागला की टिकतं. माझ्या वर्गातली एक मुलगी "बारा सक बहात्तर" धडाधड म्हणते. तिला विचारलं, ७२ लाडू १२ डब्यांत सारखे भरायचे, तर एकात किती? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आणि आईंचं उदाहरण इथे लागूच होत नाही. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या माणसावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा भाग काढला. त्यानंतर नवीन माणूस भेटून गेला की थोड्या वेळात तो भेटल्याचं त्याला आठवायचं नाही. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. आठवणी एका कप्प्यात नसतात. आईंनी कितीही पाढे म्हटले तरी गोळी आठवणार नाही.

काळाकोट:
तुम्ही दोघंही आठवण टिकली की गेली एवढंच बघताय. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. मला भीती न विसरणाऱ्याची वाटते. घटनेनंतर सहा वर्षांनी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शर्टाचा रंग सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मधल्या काळात घरी, पारावर, पोलिसांसमोर त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितलेली असते की सांगितलेलंच त्याला दिसायला लागतं.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. प्रश्नात "आदळल्या" हा शब्द असला की लोक वेग जास्त सांगायचे. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. माजघर, आठवून बघितल्याने आठवण पक्की होते हे खरं, पण चुकीचीही तितकीच पक्की होते. म्हणून आमच्याकडे घटनेच्या वेळी स्वतः लिहून ठेवलेलं पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करू देतात. १८७२ च्या पुरावा कायद्यातच ती सोय होती. कागदावर विसंबण्यात कमीपणा नाही.

माजघर:
काळाकोट, साक्षीचं मान्य. पाढ्याला मात्र ते लागू नाही, तिथे चुकलं की लगेच कळतं. खडूफळा, छडीचं वाचून वाईट वाटलं. छडी परत आणा असं मी म्हणणार नाही. पण आठवून बघणं म्हणजे घोकणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलंय की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात, आणि आठवड्याने पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे जातात. मला तेच हवंय.

खडूफळा:
मग आपण बरेच जवळ आलो. तरी एक सांगा, आईंनी ते पाढे शाळेतच पक्के केले का? माझा त्यावर विश्वास बसत नाही.

माजघर:
काल रात्री विचारलं. म्हणाली, शाळेत म्हणायचे सगळेच, मला आले ते आप्पांच्या दुकानात. तेव्हा किलो नव्हता. गिऱ्हाईक अच्छेर डाळ, पावशेर गूळ मागायचं, हिशेब आण्यांत, आणि आप्पा गल्ल्यावरून तिच्याकडे बघायचे. रुपयाचे सोळा आणे, पाव रुपयाचे चार, पाऊण रुपयाचे बारा. हे सांगताना तिचा उजवा हात तराजूची दांडी धरल्यासारखा वर गेला होता.

गोळ्यांसाठी आज सात खणांची डबी आणली. वारांची नावं मोठ्या अक्षरांत तिनेच लिहिली.