जलरंगाचे सर आणि माझा टॅब्लेट : माध्यम बदलल्यावर शिकवणीचे काय होते?

प्रश्न : ओलाकागद

नमस्कार. गेली सहा वर्षे मी कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठ चित्रकारांकडे जलरंग शिकतो आहे. त्यांचा रीतसर वर्ग नाही. रविवारी पहाटे ते रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला किंवा पंचगंगेच्या घाटावर बसतात, आणि आम्ही तीन-चार जण त्यांच्या मागे स्टूल टाकून बसतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पेटीतून पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून घेतली आणि पांढरा कागदातच असतो, तो वाचवायला शिक, असे सांगितले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी एकाच रंगाचे वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचे सलग थर, देत होतो. जुलैमध्ये कागद तासभर वाळत नाही आणि एप्रिलमध्ये वॉश खालपर्यंत पोहोचण्याआधीच वरचा भाग वाळलेला असतो. या दोन टोकांमध्ये पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा, हे मला त्यांच्या शेजारी बसूनच समजले.

गेल्या दिवाळीत साठवलेल्या पैशांतून मी एक टॅब्लेट आणि त्याचे पेन घेतले. एका मैत्रिणीकडून हत्यारे आणून लिनोचे (खोदून, शाई लावून ठसे घ्यायच्या मऊ लिनोलियमचे) दोन ठोकळेही खोदून पाहिले. मला दोन्हीत मनापासून गोडी वाटली. मागच्या महिन्यात टॅब्लेटवरची दहा-बारा निसर्गचित्रे मी सरांना दाखवली. त्यांनी ती एकेक करून शांतपणे पाहिली, "हे पुसता येतं ना?" एवढेच विचारले आणि टॅब्लेट परत दिला. त्यानंतरचे दोन रविवार मी घाटावर गेलेलो नाही.

त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तरीही प्रश्न मनातून जात नाही. नव्या माध्यमात काम करताना जुन्या गुरूची शिकवण किती उपयोगाची राहते? की प्रत्येक माध्यमासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहून नवा गुरू शोधायचा असतो? ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी अनुभव लिहावेत, ही विनंती.

---

प्रतिसाद १ : खडूफळा

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मास्तरकीच्या सवयीने थोडे लांब लिहितो आहे, ते सांभाळून घ्यावे.

ज्या गावात तुम्ही हा प्रश्न विचारता आहात, त्या गावाचा कलेचा इतिहासच माध्यमे बदलणाऱ्यांनी घडवला आहे. खरी कॉर्नरवर कॅमेऱ्याच्या आकाराचे जे स्मारक आहे, त्यावरून आपण रोज जातो. परंतु ते ज्यांचे आहे ते बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत असत, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. त्यांनी आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी चित्रपटाच्या ध्यासाने कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ पर्यंत तो कॅमेरा पुरा करून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. आता यातला मुद्दा बघा. पडदे रंगवून तयार झालेल्या माणसाने चित्रपटात मात्र सपाट रंगवलेल्या पडद्याऐवजी खरी खोली असलेले नेपथ्य उभे केले. पडद्यावर खोलीचा आभास कसा निर्माण होतो हे त्यांना आतून ठाऊक होते, म्हणूनच कॅमेऱ्यासमोर तो आभास कुठे उघडा पडेल हेही त्यांना इतरांपेक्षा आधी दिसले असावे, असे मला वाटते. जुन्या माध्यमातली सवय त्यांनी टाकली आणि त्यातले ज्ञान मात्र सोबत नेले.

याच पेंटरांच्या सहवासात वाढलेले चंद्रकांत मांडरे पुढे अभिनेते म्हणून गाजले, तरी त्यांनी चित्रकला सोडली नाही. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात जाऊन पावडर शेडिंगची निसर्गचित्रे एकदा निवांत पाहा. तिथे ना ओला कागद आहे ना वॉश, कोरडी पूड आहे. पण दूरच्या डोंगराची कडा कुठे विरघळू द्यायची आणि जवळच्या झाडाची कुठे ठाम ठेवायची, हा निर्णय तुमचे सर पाण्याने घेतात तोच आहे.

आता सरांच्या प्रश्नाविषयी. तुम्ही तो हेटाळणी समजून घरी बसला आहात, आणि माझ्या मते इथे तुमचे चुकते आहे. ज्याला हेटाळणी करायची असते तो दहा-बारा चित्रे एकेक करून पाहत नाही. पुसता येते का, हा जलरंगातल्या माणसाने विचारायचा सर्वांत अचूक प्रश्न आहे, कारण त्याच्या माध्यमात प्रत्येक फटकारा शेवटचा असतो आणि म्हणून तो मारण्याआधी थांबावे लागते. तुमच्या चित्रांत त्यांना ते थांबणे दिसले नसावे. टॅब्लेटवर मागे जाण्याची सोय बंद करून, एकाच थरावर, पंचगंगेचा घाट पुन्हा काढून पाहा आणि काय होते ते इथे कळवा.

---

प्रतिसाद २ : जुनापेंटर

मी शिकलेला चित्रकार नाही, बोर्ड आणि बॅनर रंगवणारा पेंटर आहे. तरी गुरूविषयी आणि माध्यम बदलण्याविषयी मला थोडा अधिकार आहे, कारण माझ्यावर ते बदलण्याची पाळी आली, मला हौस नव्हती.

माझे उस्ताद चौकटी आखून वीस फुटी चेहरा उभा करत. त्यांनी मला पहिली दोन वर्षे अक्षरे सोडून काहीच करू दिले नाही, आणि अक्षरेही कशी, तर खडू लावलेली दोरी ताणून आधी रेघ मारायची, मग बोर्डावर सगळी अक्षरे खडूने बसवायची आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून पाहून यायचे. दिवसातून वीस वेळा रस्ता ओलांडायला लावत. मला तेव्हा तो छळ वाटे.

पुढे फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत हातांचे काम जवळजवळ संपले. मी चाळिशीत एका पोराच्या शेजारी बसून संगणक शिकलो. तो पोरगा माझा दुसरा गुरू, वयाने माझ्या मुलाएवढा, आणि मी त्याला अहो-जाहो करत असे, कारण ज्याच्याकडून शिकायचे त्याला मान द्यायचा, ही उस्तादांची शिस्त होती. हत्यार त्याने शिकवले. परंतु तो जे फलक बनवत असे त्यांतली अक्षरे पडद्यावर चांगली दिसत आणि चौकात लावल्यावर एकमेकांत घुसत, कारण त्याने कधी रस्ता ओलांडलेला नव्हता. मी पडद्यावरचे चित्र अंगठ्याएवढे लहान करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून पाहू लागलो, तेव्हा तो हसला आणि पुढच्या महिन्यापासून स्वतःही तसेच करू लागला.

ओलाकागद, तुमच्या सरांनी तुम्हाला रस्ता ओलांडायला लावला आहे, एवढेच मला त्या प्रश्नात दिसते. (फ्लेक्समुळे कोल्हापूरचे चौक सुंदर झाले असे मात्र मला कोणी म्हणायला लावू नये.)

---

प्रतिसाद ३ : शाईरोलर

वरच्या दोन्ही प्रतिसादांतले प्रेम समजते, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. जुनी शिकवण सगळीकडे पुरते, या समजुतीने मी माझी तीन वर्षे वाया घालवली आहेत.

मी मुद्राचित्रणात, म्हणजे कोरलेल्या ठोकळ्यावरून किंवा पत्र्यावरून शाईचे ठसे घेण्याच्या कलेत, काम करते. तैलरंगातून आले आणि रंग कळतात म्हणजे शाईही कळेल असे गृहीत धरले. शाई रोलरवर किती घ्यायची हे पाहून कळत नाही, ऐकून कळते. थर योग्य असला की रोलर फिरताना बारीक, सलग चरचर ऐकू येते, आणि जास्त झाला की तो आवाज ओला होतो. हे मला एका ज्येष्ठ मुद्राचित्रकार बाईंनी एका दुपारी शेजारी उभे राहून दाखवले. त्याआधी मी एकटीने कित्येक ठसे बिघडवले होते. अॅसिडने पत्रा कोरण्याच्या कामात तर गुरूशिवाय पाऊलही टाकू नये. तांब्याच्या पत्र्याला फेरिक क्लोराइड चालते आणि जस्ताच्या पत्र्याला सौम्य केलेले नायट्रिक अॅसिड वापरतात, परंतु त्या नायट्रिकमधून निघणारी वाफ बंद खोलीत घातक असते. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून घरातल्या मोरीत हा प्रयोग करणारी मुले मी पाहिली आहेत.

म्हणून माझे उत्तर असे, की हत्याराला त्याच हत्याराचा गुरू हवा. पाहण्याचा गुरू वेगळा असू शकतो, आणि तो तुम्हाला आधीच मिळालेला आहे.

तुमच्या लिनोविषयी एक गोष्ट लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात ती दडलेली आहे आणि तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तैलरंगात पांढरा शेवटी चढवतात. जलरंगात तो पहिल्यापासून वाचवावा लागतो. लिनोत तो खोदून काढावा लागतो, आणि एकदा खोदला की परत भरता येत नाही. म्हणजे सरांनी ज्या दिवशी तुमची पांढरी ट्यूब काढून घेतली, त्याच दिवशी त्यांनी तुम्हाला, स्वतःच्या नकळत, लिनोचा पहिला धडा दिला. टॅब्लेटचे तसे नाही. तिथे पांढरा म्हणजे काचेमागून येणारा उजेड असतो, तो वाचवण्याचे कष्टच पडत नाहीत, आणि म्हणून टॅब्लेटवरची पुष्कळ निसर्गचित्रे आतून दिवा लावल्यासारखी दिसतात. सरांना टॅब्लेट दाखवलात, पण लिनोचे ठसे दाखवलेत का?

---

प्रतिसाद ४ : तिसरीगल्ली

एक व्यवहाराचा मुद्दा. शंभर टक्के सुती, तीनशे ग्रॅमचा कागद परवडत नाही म्हणून कित्येक मुले सरावच कमी करतात. टॅब्लेट एकदा महाग पडतो, पुढे सराव फुकट होतो. सरांनाही हे एकदा सांगून पाहा.

---

ओलाकागद

सर्वांचे मनापासून आभार. खडूफळा सर, तुम्ही सांगितले तसे केले. मागे जाण्याची सोय बंद ठेवून, एका थरावर, घाटावरच्या दीपमाळा आणि खालचे पाणी काढायला बसलो. पहिली दोन चित्रे दहाव्या मिनिटालाच सोडून द्यावी लागली. तिसऱ्याला चाळीस मिनिटे लागली आणि त्यातली निम्मी मी पेन वर धरून नुसता बसलो होतो. त्या वेळी लक्षात आले की मी पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या कडा आजवर कधी ठरवलेल्याच नव्हत्या. पाच-सहा वेळा पुसून जी बरी दिसेल ती ठेवत होतो. जलरंगात हीच कडा मी विचार करून सोडतो. म्हणजे शिकवण माझ्यापाशी होती, फक्त टॅब्लेट हातात घेतला की मी ती घरी ठेवून येत होतो.

शाईरोलर ताई, लिनोचे ठसे मी सरांना दाखवले नव्हते, कारण ते मला कच्चे वाटत होते. एक शंका अजून आहे. समजा उद्या मी जलरंग कमी करून मुद्राचित्रणाकडेच वळलो, तर ते सरांना सोडल्यासारखे होईल का? सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडून एक पैसाही घेतलेला नाही, त्यामुळे हा प्रश्न मला जड जातो.

---

खडूफळा

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे सगळे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले, आणि १९२९ मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. बाबूरावांना त्या वेळी काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. जवळची माणसे एकदम जाणे सोपे नसते. परंतु प्रभातच्या चित्रपटांतले नेपथ्य पाहताना त्यामागे पेंटरांचा हात जाणवल्याशिवाय राहत नाही, आणि आज आपण दोन्ही नावे एकाच दमात घेतो. तुमच्या बाबतीत तर कोणी कुठे जातही नाही. घाट तिथेच आहे आणि रविवारही दर आठवड्याला येतो.

तिसरीगल्ली यांचा कागदाच्या किमतीचा मुद्दा खरा आहे. शाळेत मी मुलांना जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढायला लावत असे.

---

शाईरोलर

विचारून टाका. "सर, मी हे शिकू का?" असे नको, "सर, यात मला काय दिसत नाहीये?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाला परवानगी मिळते किंवा नकार मिळतो. दुसऱ्यासाठी त्यांना चित्र पाहावेच लागते.

---

ओलाकागद

काल घाटावर जाऊन आलो. टॅब्लेट घरीच ठेवला होता, संध्यामठाचा लिनोचा ठसा नेला होता. सरांनी तो बराच वेळ पाहिला, दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला, आणि मग कागद उलटा करून मागच्या बाजूने पाहिला. मला वाटले, ते कागदाची जाडी बघत आहेत. "आता बरोबर आहे," ते म्हणाले, "पुढून मठ रंकाळ्याच्या भलत्याच काठावर गेलाय."

ठसा उलटा उमटतो हे मला ठाऊक होते, तरी रेखाटन ठोकळ्यावर उतरवताना ते उलटे करायला मी साफ विसरलो होतो. काळा मात्र चांगला बसलाय, असे म्हणून त्यांनी ठसा स्वतःच्या वहीत ठेवून घेतला आणि ठोकळा पुढच्या रविवारी घेऊन यायला सांगितले. शाईरोलर ताई, रेखाटन ट्रेसिंग पेपरवरून उलटे उतरवावे, की ठोकळ्यावर थेट आरशात पाहून काढावे? तुम्ही काय करता?

---

शाईरोलर

ट्रेसिंग पेपर. आरशात पाहून काढताना हात दोन दिवस गोंधळतो, आणि तुमच्याकडे रविवारपर्यंत मोजकेच दिवस आहेत.