मदत हवी आहे: कॉलनीत हॉस्पिटल, लॉन आणि शेजारी खोदकाम. तक्रार कुठे आणि कशी?

कौलारू:
नगरपरिषद हद्दीतली जुनी एनए ले-आउट कॉलनी, 9 मीटरचा रस्ता.
१) शेजारच्या बंगल्याच्या जागी तीन मजली हॉस्पिटल झालंय. खालच्या पार्किंगला शटर लावून मेडिकल आणि वेटिंग केलंय, त्यामुळे गाड्या रस्त्यावर, बऱ्याचदा आमच्या फाटकासमोर. जनरेटर (62.5 केव्हीए) आमच्या भिंतीलगत.
२) मागच्या बाजूला लग्नाचं लॉन, डीजे साडेअकरापर्यंत.
३) दुसऱ्या बाजूच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम आमच्या कंपाउंडला चिकटून.
नगरपरिषदेत तोंडी सांगून झालं, "बघतो" म्हणतात. नेमका अर्ज कशावर आणि कोणाकडे करावा?

आडवा छेद:
तोंडी सांगितलेलं कुठेच नसतं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच परत या. तिन्ही तक्रारी एका कागदावर लिहू नका. असा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, प्रत्येक जण आपल्यापुरतं नाही म्हणतो.

तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम प्रकरण पार्किंगचं आहे, पण "गाड्या रस्त्यावर लागतात" ही तक्रार करू नका. "मंजूर नकाशातलं पार्किंग बंद करून तिथे दुसरा वापर चालू आहे" ही करा. पहिलीला उत्तर मिळतं की रस्ता सार्वजनिक आहे. दुसरी थेट महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 मध्ये बसते: परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही. कारवाई कलम 53 खाली होते. स्टिल्ट पार्किंग (खांबांवरच्या इमारतीखालची मोकळी जागा) एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मंजूर होणाऱ्या बांधकाम क्षेत्रात, धरत नाहीत. म्हणजे शटर लावलं की तेवढं बांधकाम फुकटात पदरात पडतं. मोह तिथेच असतो.

त्याआधी माहिती अधिकारात (10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत) हे मागा: मंजूर नकाशा पार्किंगच्या तक्त्यासह, बांधकाम परवानगी, जोते तपासणीचा (पाया जोत्यापर्यंत आल्यावरच्या तपासणीचा) दाखला, भोगवटा प्रमाणपत्र आणि त्यासोबतचा पूर्णत्वाचा नकाशा. "सर्व कागदपत्रे द्या" असं लिहिलंत तर अर्ज लोंबकळतो. सोबत फाइल पाहण्याचीही मागणी करा. नकाशा "त्रयस्थाची माहिती" म्हणून अडवला जाण्याची शक्यता असते. अडवला तर प्रथम अपील, पुन्हा 30 दिवसांच्या आत.

नकाशा हाती आला की टेप घेऊन ताडून बघा. एका कारची जागा 2.5 × 5 मीटर असते. कागदावर सहा चौकोन आखलेले असतात, प्रत्यक्षात एकात खांब, दुसऱ्यात पाण्याची टाकी, तिसऱ्यात लिफ्टची खोली. शिवाय गाडी वळवून आत घ्यायला वाट आहे का हेही पाहा. अर्जात लिहा: "नकाशात अमुक जागा, प्रत्यक्षात तमुक, फोटो सोबत". एवढं ठोस लिहिलं की स्थळपाहणी टाळणं अवघड जातं.

टिपणवही:
छेदरावांशी सहमत. फक्त एक भर: नोटीस गेली की समोरचा माणूस ते काम नियमित करून घेण्याचा अर्ज टाकतो आणि फाइल थंडावते. म्हणून महिन्याभराने पुन्हा माहिती अधिकार, या वेळी फक्त दोन प्रश्न: कलम 53 ची नोटीस कोणत्या तारखेला दिली, आणि त्यावर पुढे काय निर्णय झाला.

फाटकासमोरची गाडी हा वेगळा विषय, तो पोलिसांचा. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला मनाई आहे. फोटोत नंबरप्लेट आणि तुमचं फाटक एकाच चौकटीत यायला हवं. आणि रस्त्यावर कुंड्या, दगड, साखळ्या मांडल्या असतील तर आजच काढा. ते तुमचं अतिक्रमण ठरतं, आणि चौकशी सुरू झाली की पहिला फोटो त्याचाच निघतो.

कानसेन:
आवाजाचं मी सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते 6. व्यापारी क्षेत्रात 65 आणि 55. त्यामुळे विकास योजनेच्या नकाशात तुमचा पट्टा कोणत्या रंगात (निवासी की व्यापारी) आहे हे आधी बघा, नाहीतर चुकीच्या आकड्यावर भांडाल. हॉस्पिटल आहे म्हणजे 100 मीटर शांतता क्षेत्र, असंही आपोआप होत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर तसं शासनाने घोषित केलेलं असावं लागतं.

लॉन उघडं आहे, त्यामुळे दहानंतर ध्वनिवर्धक बंद. अपवाद फक्त शासनाने जाहीर केलेले रात्री बारापर्यंतचे दिवस, तेही वर्षाला जास्तीत जास्त 15. त्यात लग्नाची तिथी येत नाही. इथे डेसिबल मोजायची गरजच नाही, घड्याळ पुरेसं आहे. 112 वर फोन करा आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात लेखी द्या, व्हिडिओत वेळ दिसू द्या.

जनरेटर: 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचाला आवरणापासून एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. नवा संच कारखान्यातून आवरणासह येतो, मग त्रास का? बहुतेक वेळा इंजिन तापतं म्हणून आवरणाची दारं उघडी ठेवतात. ते आधी डोकावून बघा. दुसरं कारण धुराडं. त्याची उंची ज्या इमारतीसाठी संच आहे तिच्यापेक्षा 0.2 × √केव्हीए इतकी जास्त हवी. 62.5 साठी हे साधारण 1.6 मीटर येतं, म्हणजे नळी गच्चीच्याही वर गेली पाहिजे. तुमच्याकडे ती पहिल्या मजल्याच्या खिडकीशी संपत असणार, पैज.

कौलारू:
पैज जिंकलात, खिडकीशीच संपते. फोनच्या अ‍ॅपवर आमच्या खिडकीत 68 दाखवतं. चालेल का?

कानसेन:
पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून चालेल. 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला ऐकू येतं तसं मोजणारी सेटिंग) चालू आहे ना बघा, आणि क्षणाचा सर्वोच्च आकडा नको, काही मिनिटांची सरासरी (एलइक्यू) घ्या. फोन भिंतीला टेकवला की परावर्तनाने आकडा फुगतो. संच बंद असतानाचा आकडाही नोंदवा: फरक 10 किंवा जास्त असेल तर आवाज संचाचाच, फरक 3 च असेल तर संच आणि परिसर यांचा वाटा निम्मा-निम्मा. आणि 'ए' वेटिंग खालचे सूर कमी मोजतं, म्हणून खिडकीची काच थरथरते तरी आकडा साधा दिसतो. पक्क्या मोजणीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लिहा.

आडवा छेद:
खोदकाम राहिलं, आणि खरं तर घाई त्याचीच आहे. आजच कंपाउंड आणि घराच्या त्या बाजूच्या भिंतींचे फोटो काढा, चौकटीत पट्टी ठेवून. असलेल्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची आडवी रेघ आणि तारीख. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चिकटवा. भिंत हलली की ती तडकते. हे खोदकामानंतर केलं तर "भेगा जुन्याच आहेत" याला उत्तर उरत नाही.

कायद्यात एक बारकावा आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तुमच्या मोकळ्या जमिनीला शेजारच्या मातीचा आधार हा नैसर्गिक हक्क आहे, पण त्यावरच्या बांधकामाच्या भारासाठी तो हक्क 20 वर्षांच्या अखंड वापराने मिळतो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधून ठेवा.

बिल्डरकडून लेखी मागा: टप्प्याटप्प्याने खोदणार की सलग, कडेला आधार काय देणार, पाणी उपसून कुठे सोडणार. सलग उभा काप घेऊन पावसापर्यंत उघडा ठेवणं हे सगळ्यात वाईट. परवानगी नसेल किंवा नकाशा सोडून काम चाललं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 54 खाली काम थांबवायची मागणी करता येते.

टिपणवही:
रात्री दहानंतर आवाज करणारी बांधकाम यंत्रं निवासी क्षेत्रात चालवता येत नाहीत, तेही त्याच 2000 च्या नियमांत आहे. "स्लॅब अर्धवट सोडता येत नाही" हे ऐकवतील. बरोबर आहे, म्हणूनच तो सकाळी सहाला सुरू करायचा असतो, दुपारी तीनला नाही.