सेकंडहँड पिकअप: मॉडेल इयरवरून भरवसा ठरवता येतो का?

ओझेवाला:
नमस्कार मंडळी, सेकंडहँड पिकअप घ्यायचीय. काम म्हणजे सामान ने-आण आणि कधीमधी मागे ट्रेलर. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या बघून ठेवल्यात, एक जुन्या पिढीतली अगदी शेवटच्या वर्षाची आणि दुसरी लगेच पुढच्या वर्षाची म्हणजे नव्या पिढीतली पहिली. दोन्ही ऑटोमॅटिक, रनिंग जवळपास सारखं. नेटवर वाचायला गेलो तर एक म्हणतो हे साल चुकूनही घेऊ नका, दुसरा म्हणतो तेच बेस्ट, डोकं पार फिरलंय. सालावरून खरंच काही कळतं की सगळी हवाच आहे?

पाचवा_गिअर:
कळतं की, पण नुसता आकडा धरून बसू नका. त्या साली बॉनेटखाली काय बसवलं होतं ते शोधा. नवीन पिढी म्हणजे धोका आणि जुनीचं शेवटचं साल म्हणजे सेफ, असं सरसकट सांगतात, ते अर्धंच खरं आहे.

फोर्ड एफ-१५० घ्या. २०१५ ला नवी पिढी आली, बॉडी ॲल्युमिनियमची केली, लोक घाबरले. पण ५.० लिटरचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) आणि ३.५ लिटरचं इकोबूस्ट (फोर्डचं टर्बोवालं) ही इंजिनं २०११ पासूनचीच होती आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिकही आधीचाच, म्हणजे "पहिलं साल" असूनही आतला बराचसा माल चार वर्षं रस्त्यावर घासून निघालेला. उलट २०११ ची गाडी बाहेरून २०१० सारखीच दिसते, पण इंजिनं जवळपास सगळी नवीन. आता यातलं पहिलं साल कुठलं म्हणायचं?

आणि नवं इंजिन खरंच असेल तर नावावर जाऊ नका हो. टोयोटा टंड्राची २०२२ ला पिढी बदलली, जुना ५.७ चा व्ही८ गेला आणि ३.४ चा ट्विन टर्बो व्ही६ आला. २०२२-२३ च्या गाड्यांत मशीनिंगचा कचरा इंजिनात राहून गेल्याचं निघालं आणि २०२४ ला रिकॉल काढावा लागला, म्हणजे दोष दुरुस्तीला कंपनीनेच गाड्या परत बोलावल्या, लेक्सस एलएक्स धरून लाखभर गाड्या. टोयोटा आहे म्हणून डोळे झाकून घेणारे तिथे अडकले.

तर तुमच्या दोन गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स तेच आहेत की बदललेत, हे आधी सांगा.

डिपस्टिक:
पाचवा गिअर बरोबर बोलतोय, त्यात एक भर घालतो, ज्यात बरेच जण गंडतात. दोष काही मॉडेल इयर (कंपनी गाडीला लावते ते साल, बनल्याची तारीख नव्हे) बघून सुरू होत नाही न् संपत नाही, तो फॅक्टरीत पार्ट बदलतो त्या तारखेला संपतो. एफ-१५० चंच २००४ पासूनचं ५.४ लिटर तीन व्हॉल्व्हवालं इंजिन बघा, त्याचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे, काढायला गेलं की खालचा तुकडा इंजिनच्या हेडमध्येच राहायचा आणि फिटरचा दिवस जायचा. २००७ च्या शेवटी डिझाइन बदललं. त्यामुळे २००८ मॉडेल इयर म्हणून विकलेल्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात आणि नेटवर २००८ चांगली की वाईट यावर भांडणारे दोघंही बरोबर असू शकतात!

टोयोटा हायलक्सचं डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचं (धुरातली काजळी अडवतो तो) प्रकरण ऑस्ट्रेलियात कोर्टात गेलं, तिथे मॉडेल इयर कोण विचारत नाही, १ ऑक्टोबर २०१५ ते २३ एप्रिल २०२० या मुदतीत विकलेल्या डिझेल गाड्या, असं तारखेवर आहे. गंमत म्हणजे फिल्टर चोंदतो म्हटलं की आपण शहरातल्या छोट्या फेऱ्यांना दोष देतो, इथे तर ताशी १०० च्या आसपास सलग हायवेला चालवणाऱ्यांनाच त्रास झाला.

म्हणून दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बनावटीचा महिना-वर्ष असेल तर ते वाचा. व्हीआयएनचं (गाडीचा १७ अक्षरी ओळख नंबर) दहावं अक्षर मॉडेल इयरचं असतं, २०१० ला ए, २०११ ला बी, असं पुढे, २०१६ ला जी, २०१७ ला एच आणि २०१८ ला जे, कारण आय वापरत नाहीत, १ सारखा दिसतो. पण हा नियम उत्तर अमेरिकेत सक्तीचा आहे, बाकी ठिकाणी काही कंपन्या पाळतात काही नाही, तेव्हा त्यावर एकट्यावर विसंबू नका. आणि रिकॉल झालाय का आणि काम करून घेतलंय का, हे व्हीआयएनवरूनच तपासायचं, मालकाच्या तोंडी शब्दावर नाही.

गंज_शोधक:
मी थोडं उलटं बोलतो. सालांच्या तक्रारी मोजणाऱ्या याद्या असतात ना, त्यात जास्त खपलेलं साल नेहमी वाईटच दिसतं, कारण गाड्याच जास्त. आणि "जुन्या गाड्या दणकट, वीस वर्षं झाली तरी चालतात" म्हणणाऱ्यांना भंगारात गेलेल्या कुठे दिसतात? त्यांचे मालक कशाला येतायत इथे लिहायला.

गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की माझ्या मते साल मागे पडतं, कुठे आणि कशी वापरली ते पुढे येतं. टोयोटा टॅकोमाची १९९५ ते २००४ ची पिढी, इंजिन मरत नाही म्हणून नाव, पण रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागात चासी आतून कुजायची. १९९५ ते २००० च्या कित्येक गाड्या कंपनीने स्वतः परत विकत घेतल्या. तेच साल कोरड्या हवेतलं असेल तर सोनं. तेव्हा खाली झोपा, टॉर्च घ्या, हातोडीने चासी टकटक करा, खण्ण आवाज आला पाहिजे, भद्द आला तर उठा आणि घरी जा. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर दुप्पट संशय घ्यायचा.

किलोमीटरवर पण जाऊ नका, डॅशबोर्डवर इंजिन अवर्स (इंजिन एकूण किती तास चालू होतं) दिसत असतील तर भागाकार करा. दीड लाख किलोमीटर आणि ६००० तास म्हणजे सरासरी २५ चा स्पीड, गाडी निम्मा वेळ जागेवर घुरघुरत उभी असणार. तेच ३००० तास असतील तर निवांत हायवेला पळालेली.

ओझेवाला:
बापरे, बरंच निघालं की. चौकशी केली, इंजिन दोन्हीत तेच आहे, गिअरबॉक्स मात्र नव्या पिढीत बदललाय. आणि जुन्या गाडीला मागे हिच (ट्रेलर जोडायचा हुक) लावलेला आहे, मालक म्हणतो कधीच काही ओढलं नाही.

पाचवा_गिअर:
मग मी तरी जुनी घेईन, तुम्हाला ट्रेलर ओढायचाय आणि तिथे सगळा मार गिअरबॉक्सच खातो. पण "कधीच ओढलं नाही" हे हिचच्या बॉलला विचारा, घासून चकाकत असेल तर कळेलच.

डिपस्टिक:
+१. गिअरबॉक्सचं ऑइल बघाच. काळं आणि जळका वास म्हणजे तापलेला. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियरमध्ये हे फार व्हायचं, रेडिएटरमधलाच ऑइल कूलर फुटायचा आणि अख्खा गिअरबॉक्स जायचा. काही गाड्यांना गिअरबॉक्सचं ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिकच नसते (माझ्या नावाचा अपमान), तिथे फिटरला सोबत न्या. आणि स्टार्ट थंड इंजिनवरच करायचा, २०१७ ते २०२० च्या ३.५ इकोबूस्टचा कॅम फेजर (व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करणारा पार्ट) पहिल्या स्टार्टलाच खडखडतो, तापल्यावर शहाण्यासारखा गप्प.

ओझेवाला:
ठीक, उद्या सकाळी जातो, मालकाला फोन करून सांगतो की आधी चालू करून ठेवू नका.

गंज_शोधक:
अहो सांगू नका, सांगितलं की हमखास तापवून ठेवतात. दहाला येतो म्हणा आणि आठला जा, पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा.